ठिपका दाराकडे

० व्होल्ट

पिन भिंतीत होती आणि सुई शून्यावर. कुसाका इवाओने डावा हात पँटच्या खिशात घातला.

उघड्या व्हॉल्व्ह-रेडिओपाशी हात एकच चालवायचा, दुसरा खिशात ठेवायचा, हा त्याचा जन्माचा नियम. दोन्ही हात लागले तर वीज एकातून शिरते, दुसऱ्यातून निघते, आणि वाटेत काळीज असतं. वीज कंपनीत खांबावर चढून केस पांढरे केलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही. निवृत्त झाल्यावर तो तोयामातल्या घराच्या पुढच्या खोलीत जुने रेडिओ दुरुस्त करत बसू लागला, तरी नियम सुटला नाही. चहा ओततानाही हात खिशातच. बायको म्हणायची, "मला मागणी घातलीत तेव्हाही एक हात खिशात होता. तेव्हाच ओळखायला हवं होतं मी." बायको गेली. हात तिथेच राहिला.

टेबलापलीकडे कानामोरी मित्सुयोबाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. कोपऱ्यातल्या स्टुलावर शेजारचा इनादा. हा उभा जन्म घरोघरच्या औषधपेट्या भरत हिंडलेला माणूस. पाय थकले होते, तोंड अजून थकलं नव्हतं.

"करा की सुरू," इनादा म्हणाला. "रेडिओ म्हातारा, ऐकणारे म्हातारे. एखादं मध्येच जायचं."

"तू नुसता मध्येच गप्प झालास तरी भागेल," कुसाका म्हणाला.

मित्सुयोबाई हसल्या नाहीत. त्या रेडिओच्या उघड्या पाठीकडे बघत होत्या. आत पाच व्हॉल्व्ह ओळीने उभे होते, विझलेले. पुढच्या बाजूला दोन खुंट्या. एकीवर पिवळट पडलेलं बटण होतं. दुसरी उघडी, नुसता लोखंडी दांडा.

साठाहून जास्त वर्षं निजलेल्या रेडिओला एकदम शंभर व्होल्ट देत नाहीत. मध्ये स्लायडॅक लावतात. त्याची मूठ जेवढी फिरवाल तेवढीच वीज पुढे जाते. उपास सोडणाऱ्याला आधी पेज पाजतात, तसं.

त्याने मूठ फिरवली.

१० व्होल्ट

दहाला काही होत नाही. म्हणून तर दहाला थांबायचं.

मित्सुयोबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा रस्त्याच्या कडेला बर्फाचे ढिगारे होते. रेडिओ जांभळ्या फुरोशिकीत, म्हणजे गाठोडं बांधायच्या चौकोनी फडक्यात, बांधलेला, आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी छातीशी धरलेला, जशा जळल्यानंतर उरलेल्या अस्थी धरतात. वर सुक्या माकुळीची पुडी.

"हाचिनोहेची आहे," त्या म्हणाल्या. "माझं माहेर."

"तोयामात माकूळ घेऊन आलात?" इनादा तेव्हाही त्याच स्टुलावर होता. "समुद्राला मीठ विकायला निघालात की."

"तुमची माकूळ रात्री समुद्रात चमकते," मित्सुयोबाई म्हणाल्या. "आमची खातात."

इनादाने पुडी फोडली आणि पुढचा वेळ तो चघळत राहिला. त्या घरात एवढी शांतता बऱ्याच दिवसांत झाली नव्हती.

त्या बालवाडीत बाजाची पेटी वाजवून मुलांना गाणी शिकवायच्या, सगळी नोकरी तीच. आता कान चालले होते. वरचे सूर आधी गेले. "पाखरं गेली," त्या म्हणाल्या, जणू पाखरंच गाव सोडून गेली होती. "मग केटलीची शिट्टी गेली. खालचे सूर अजून आहेत. ते आहेत तोवर दोन कामं करून घ्यायचीत. एक, हा एकदा गुणगुणायला हवा. बातम्या नकोत, गाणी नकोत. पूर्वी गुणगुणायचा तसा."

"कानामोरी-सान, गुणगुण हा आजार असतो. आतला कंडेन्सर सुकला की रेडिओ गुणगुणतो. आम्ही तो आधी काढून टाकतो."

"काढू नका."

"सुकलेला ठेवला तर फुटेल. पेटेल."

"मग न पेटता गुणगुणेल असं काहीतरी करा. लोक म्हणाले तुम्हाला येतं."

कुसाकाने खिशातला हात खिशातच ठेवून मान हलवली. "आणि दुसरं काम?"

त्यांनी फुरोशिकीची दुसरी गाठ सोडली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गाठी दोन आहेत. रेडिओ एका गाठीत, आणि वायरचं टोक, भिंतीत खुपसायची काळी पिन, वेगळ्या फडक्यात घट्ट आवळलेली. चावऱ्या कुत्र्याचं तोंड बांधतात तशी. पिनेच्या एका अंगाला लाल ठिपका होता.

"ही गाठ आईने बांधली होती," मित्सुयोबाई म्हणाल्या. "याने माझ्या भावाला मारलं का, तेवढं सांगा."

इनादाचं चघळणं थांबलं.

२५ व्होल्ट

हाचिनोहेकडे थोरल्या भावाला आन्चा म्हणतात. तोराजी हे त्याचं नाव बोटीवर आणि शाळेच्या पटावर, घरात आन्चा. तो माकुळीच्या बोटींवर जायचा आणि परत आला की आंघोळ करून रेडिओसमोर मातीच्या जमिनीवर अनवाणी उभा राहायचा. स्टेशन लागण्याआधी रेडिओ गुणगुणायचा. "याच्या पोटात मांजर आहे," आन्चा म्हणायचा. मग तो त्या गुणगुणीला आपला आवाज लावायचा, तोंड मिटून, अगदी तोच सूर, आणि धाकट्या बहिणीला डोळ्यांनी खुणावायचा. तीही लावायची. खेळ असा की जो आधी श्वास घेईल तो हरला.

"रोज मी जिंकायचे," मित्सुयोबाईंनी सांगितलं होतं. "माझ्या छातीचा जीव तो केवढा, आणि आन्चा जाळी ओढणारा. तरी मीच जिंकायचे. तो हरायचा तेव्हा खोटं खोटं धापा टाकायचा. मला ते कळायचं. मी दाखवायचे नाही."

रेडिओचं एक बटण फुटून पडलं होतं, उघड्या दांड्याला चिमटीत धरून फिरवावं लागायचं. म्हणून आन्चाने पिनेवर ठिपका काढला. कुठून तरी टेस्टर आणून दांड्याला लावला, पिन उलटसुलट घालून पाहिली, आणि टेस्टर ज्या बाजूने पेटला नाही ती खूण करून ठेवली. बहिणीला बजावलं, "मी बोटीवर असेन, तू पिन काढशील, परत घालशील. तर एवढं लक्षात ठेव. ठिपका दाराकडे. काय?"

"ठिपका दाराकडे."

"झोपेत विचारलं तर?"

"ठिपका दाराकडे."

वर्ष सरताना घराघरांत जळमटं काढतात, एकूण एक वस्तू बाहेर येते, पुसून परत जाते. त्या वर्षी रेडिओ पुसायचं काम मित्सुयोचं होतं. नऊ वर्षांची. तिने पुसला. तिनेच पिन घातली. ठिपका दाराकडे.

संध्याकाळी आन्चा आंघोळ करून आला. ती अंगणात सतरंजी झटकत होती. आत काहीतरी पडलं.

डॉक्टर म्हणाले, हृदय. आई काही म्हणाली नाही. आईने रेडिओ बांधला, दोन गाठी मारल्या, आणि मरेपर्यंत तिच्या तोंडून त्याचा उच्चार झाला नाही. पुढे आई गेल्यावर अंथरुणांच्या कपाटात, तळाशी, तो सापडला.

"एकवीस वर्षांच्या पोराचं हृदय," मित्सुयोबाई म्हणाल्या. "असतं का हो असं? मी बरोबर घातली होती ना पिन?"

४० व्होल्ट

पाची व्हॉल्व्ह मिणमिणले. राख फुंकली की निखारा दिसतो, एवढंच.

"लागले," इनादा पुटपुटला.

या जातीच्या रेडिओत पाची व्हॉल्व्हच्या तारा एकाच दोऱ्यात ओवलेल्या असतात. एक विझला की पाची विझतात. ते स्वस्त पडायचं. स्वस्ताईचं दुसरं काम त्याहून वाईट होतं: आत ट्रान्सफॉर्मर नाही. भिंतीतून येणाऱ्या दोन तारांपैकी एक सरळ चासीला, म्हणजे रेडिओच्या पत्र्याच्या सांगाड्याला बांधलेली. पिन सुलट घातली तर सांगाडा थंड. उलट घातली तर अख्ख्या सांगाड्यात शंभर व्होल्ट, आणि सांगाड्यातून बाहेर आलेल्या त्या उघड्या दांड्यातही. बाहेरून लाकडाचं खोकं, पुढे कापडाची जाळी, आत हे. जपानातल्या कितीतरी घरांत अशी खोकी गाणी म्हणत होती. बटणं शाबूत होती म्हणून माणसं शाबूत राहिली.

कुसाकाने महिनाभर त्याच्यावर काम केलं होतं. मेण गळालेले कागदी कंडेन्सर काढून नवे बसवले. तडकलेली वायर बदलली, पण पिन तीच ठेवली. आणि भिंत व रेडिओ यांच्यामध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवला, ज्याच्या दोन गुंडाळ्या एकमेकींना शिवत नाहीत. आता पिन कशीही घाला, सांगाड्यात भिंतीतली वीज येणार नव्हती. लाल ठिपका आता नुसता रंग होता.

गुणगुणीचंही त्याने केलं. जागेवर नवाच कंडेन्सर, पण हवा त्यापेक्षा बराच लहान. रेडिओ निर्धोक, तरी गुणगुणेल. दारू सोडलेल्या माणसाला झिंगायचं सोंग शिकवल्यासारखं वाटलं त्याला. पण केलं.

दुसऱ्या कामाचं उत्तरही त्याच्याकडे तयार होतं. ते त्याला आवडलं होतं, म्हणून त्याने ते दोनदा तपासलं होतं. भावाने टेस्टर लावून ठिपका काढला, म्हणजे ठिपका खरा. बहिणीने ठिपका दाराकडे ठेवला, म्हणजे सांगाडा थंड. सांगाडा थंड, तर मारणार कोण? हृदयच. आज रेडिओ गुणगुणला की तो सांगणार होता, कानामोरी-सान, डॉक्टर बरोबर होते. बाई मोकळ्या होऊन जातील.

एकच गोष्ट त्याला बोचत होती, आणि तिचा हिशेबाशी संबंध नव्हता. काढलेला जुना मोठा कंडेन्सर त्याने तपासायला म्हणून थोडा भरला होता, मग तारेने दोन्ही टोकं जोडून रिकामा केला. मीटर शून्य. हात धुऊन आला तर मीटरवर दोन व्होल्ट. असं होतं, जुने कंडेन्सर पोटात थोडं लपवून ठेवतात आणि मागाहून वर आणतात, हे धंद्यातल्या कुणालाही ठाऊक असतं. पुन्हा रिकामा केला. तो पुन्हा आपोआप भरला. दर खेपेला कमी भरायला हवं. हा दर खेपेला दोनच भरत होता.

६० व्होल्ट

"आता थोडं थांबू," कुसाका म्हणाला. "गरम होऊ दे."

"मध्यम लहरींची केंद्रं बंद करतायत म्हणे एकेक," इनादाने विषय काढला. "मग याला ऐकायला काय उरणार?"

"स्वतःलाच ऐकेल," मित्सुयोबाई म्हणाल्या.

"माझ्यासारखं झालं," इनादा म्हणाला, आणि पहिल्यांदा त्या जराशा हसल्या. त्याला तेवढं पुरलं. "आमच्याकडे माझी आई जळमटं काढायची ना, तर मला खांबाला बांधून ठेवायची. म्हणायची, हे सगळ्यात मोठं जळमट."

"आमची आई घर फिरवायची," मित्सुयोबाई म्हणाल्या. "नुसतं पुसून तिचं समाधान व्हायचं नाही. हे इकडे, ते तिकडे. त्या वर्षी देवासाठी नवी फळी आणली होती. देवाच्या खाली ओरडणारं यंत्र नको म्हणाली. मग रेडिओ समोरच्या भिंतीला नेला."

कुसाकाची मूठ सरकली.

४१, हात हलला म्हणून

निखारे मंदावले.

"काय झालं?" इनादाने विचारलं.

"काही नाही."

"समोरची भिंत" हे शब्द त्याच्या कानात राहिले होते. एका भिंतीवर काढलेली खूण दुसऱ्या भिंतीला कळत नाही. तिथे आत तारा कुणी कुठल्या हाताने जोडल्या, कोण जाणे. आणि दार? पहिल्या भिंतीशी उभं राहिलं की दार उजवीकडे. समोरच्या भिंतीकडे तोंड केलं की तेच दार डावीकडे. पोरीने एकदा नाही, दोनदा लक्षात ठेवलं असेल. ठिपका दाराकडे. तिने तो दाराकडे केला. टेस्टर कुणीच लावला नाही.

खांबावर चढताना त्यांच्यात एक रीत होती. खालचा कितीही ओरडून सांगो की तार मेलीय, वरच्याने टेस्टर लावल्याशिवाय "मेली" म्हणायचं नाही. कुसाकाने इतकी वर्षं ती पाळली. आणि या बाईंना मात्र टेस्टर न लावता "हृदय" सांगायला निघाला होता.

अजूनही सांगता येत होतं. भिंतीचं त्यांना काय कळतंय?

त्याने मूठ पुन्हा वर नेली. मित्सुयोबाई त्याच्या हाताकडे बघत होत्या, खिशातल्या.

८५ व्होल्ट

आधी फळीमागे भुंगा असावा तसं झालं. मग टेबलाला कळलं, मग स्टुलाला, मग माणसांना. रेडिओ गुणगुणू लागला.

मित्सुयोबाईंनी डोळे मिटले आणि मान कलती केली. इनादाने चक्क टोपी काढली.

"हा नाही," त्या म्हणाल्या.

"अं?"

"हा आन्चाचा नाही. तो याच्याखाली होता." त्यांनी तोंड मिटून एक सूर लावला, रेडिओपेक्षा खालचा, जाड. आपल्याकडच्या कानाने ऐकलं असतं तर म्हटलं असतं, त्या षड्जावर आहेत आणि रेडिओ कोमल गंधारावर जाऊन बसलाय.

कुसाका खुर्चीच्या पाठीला टेकला. सगळं केलं आणि हेच त्याच्या डोक्यात आलं नाही. तेही वीज कंपनीत जन्म काढून.

"चूक माझी," तो म्हणाला. "कानामोरी-सान, तुमच्या माहेरची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते. आमची साठ. पूर्वेला जर्मनांची यंत्रं आली, पश्चिमेला अमेरिकेची, तेव्हापासून हा देश असा मधोमध फाटलेला आहे. रेडिओ भिंतीतली वीजच गुणगुणतो. म्हणजे तुमचा भाऊ गात होता ती हाचिनोहेची वीज. इथे ती नाही."

"म्हणजे इथे तो कधीच येणार नाही."

"तो सूर येणार नाही."

"तेच म्हटलं मी," मित्सुयोबाई म्हणाल्या.

"हाचिनोहेपासून लांब वायर टाकली तर?" इनादा म्हणाला. त्याने टोपी परत घातली.

१००

पुरे शंभर. व्हॉल्व्ह नारिंगी, उबदार. तापलेल्या धुळीचा वास, जुन्या घराचा म्हणतात तो. रेडिओ परक्या सुरात गुणगुणत होता.

"दुसऱ्या कामाचं काय?" त्यांनी विचारलं.

कुसाकाने पिनेवरच्या ठिपक्याकडे पाहिलं.

"ठिपका बरोबर होता," तो म्हणाला. "भिंत चुकीची होती."

त्याने हळूहळू सगळं सांगितलं. टेस्टर, दोन तारा, दार उजवीकडे, दार डावीकडे. काही वगळलं नाही. एकदा इनादाने त्याच्या पायाला पाय लावला, पुरे म्हणून. तो सांगत राहिला.

"म्हणजे मीच," मित्सुयोबाई म्हणाल्या.

"तुम्ही सांगितलं तसं केलंत."

"हो ना. सगळ्या जन्मात एकदाच कुणाचं तरी नीट ऐकलं मी." त्यांचे हात पर्सवरून उठले आणि परत पर्सवरच बसले. "आईला माहीत होतं. म्हणून पिन वेगळी बांधली. भिंत तिने बदलली होती. मला वाटायचं माझ्यावर रागावून बोलत नाही."

"दोघींनी एकेक अर्धं केलं," इनादा म्हणाला. "अर्ध्या-अर्ध्याने कुणी मरत नाही हो, बाई." त्याचा आवाज विनोदाचा नव्हता, आणि ते त्याचं त्यालाच नवं वाटलं असावं, कारण तो लगेच चपला शोधू लागला, आणि शोधल्यावर घातल्या नाहीत.

कुसाकाने एका हाताने चहा ओतून पेला टेबलावर ठेवला.

"त्या दांड्याला हात लावला तर?" मित्सुयोबाईंनी विचारलं.

"आता काही होणार नाही."

"नक्की?"

कुसाकाने टेस्टर घेतला, दांड्याला टेकवला. पेटला नाही. मग सांगाड्याला. नाही. पिन काढून उलटी घातली, परत टेकवला. नाही. आणि मग त्याने असं काही केलं, जे बायकोने पाहिलं असतं तर शेजाऱ्यांना बोलावून आणलं असतं. डावा हात खिशातून काढला. दोन्ही तळवे रेडिओच्या उघड्या सांगाड्यावर ठेवले आणि ठेवूनच राहिला. पत्रा कोमट होता.

"लावा," तो म्हणाला.

मित्सुयोबाई उठल्या. मोजे काढले. अनवाणी पायांनी पुढे आल्या, आणि आन्चा धरायचा तसा तो लोखंडी दांडा चिमटीत धरला.

गुणगुण घसरली.

थांबली नाही, चिरकली नाही. झोपाळ्यावरून पाय जमिनीला टेकावा तशी खाली आली आणि टेकली. कोमल गंधारावरून षड्जावर. टेबलावरच्या चहाच्या पेल्यात वर्तुळं उठत होती, त्यांची लयही बदलली.

"हे तू केलंस ना?" इनादाने हळूच विचारलं.

"नाही."

"कर की मग काहीतरी."

८०

कुसाकाने मूठ मागे फिरवली. व्हॉल्व्ह मंदावले. गुणगुण तेवढीच.

४०

राख. गुणगुण तेवढीच. मित्सुयोबाईंनी चिमटी सोडली नव्हती. त्यांचं तोंड मिटलेलं होतं, आणि कधीपासून ते त्याला कळलं नाही, पण त्याही गात होत्या, तोच सूर, असा एकजीव की कुठला कोणाचा ते सांगता येऊ नये.

म्हणजे बाईंचाच आवाज आहे हा, असं कुसाकाच्या मनात आलं, आणि त्याला हायसं वाटलं.

०

पाचही काळे. सुई शून्यावर.

पिन काढल्यावर

त्याने पिन काढून चटईवर ठेवली. आता रेडिओ आणि भिंत यांच्यामध्ये नुसती हवा होती.

मित्सुयोबाई गात होत्या. गळ्याच्या शिरा वर आल्या, चेहरा लाल झाला, डोळ्यांतून पाणी ओघळलं. खांदे थरथरू लागले. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या छातीत हवा ती किती असणार. इनादा अर्धवट उठला होता, त्यांना धरायला. आता सुटेल, कुसाकाला वाटलं, आता श्वास सुटेल आणि खोली गप्प होईल, मग आपण सगळे चहा घेऊ.

श्वास सुटायच्या अगदी आधी रेडिओ थांबला.

त्यांचा सूर उरला. एकटा, पातळ, कापरा. क्षणभर तो तसाच खोलीत होता आणि सगळ्यांना नीट ऐकू आलं की तो एकटा आहे, इतका वेळ एकटा नव्हता. मग त्यांनी श्वास घेतला.

जाळीच्या कापडामागून काहीतरी दोन-तीनदा फुसफुसलं. धापा टाकल्यासारखं. खोटं खोटं.

"हरला," मित्सुयोबाई म्हणाल्या.

त्यांनी दांडा सोडला, मोजे घातले, फुरोशिकी पसरली. कुसाकाने मागची पाठ स्क्रूंनी बसवून दिली. उघड्या दांड्यासाठी त्याने एक जुनं बटण शोधून ठेवलं होतं. ते त्यांनी पाहिलं, छान आहे म्हणाल्या, आणि घेतलं नाही. आता धोका नाहीच, असं तोही स्वतःशी म्हणाला. रेडिओ, ट्रान्सफॉर्मर, वायर, पिन, सगळं त्यांनी एकाच गाठीत बांधलं.

दारात इनादाने त्यांची पर्स धरली. "माकूळ चांगली होती," तो म्हणाला. "आमच्यापेक्षा."

"माहितीये," त्या म्हणाल्या.

२ व्होल्ट

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर कुसाकाने टेबल आवरलं. फळीवर तो जुना कंडेन्सर पडला होता. आता तो कुणाचाच नव्हता. टाकण्याआधी रिकामा करायचा, हीही रीतच. त्याने मीटर लावला.

दोन.

त्याने तार उचलली, टोकांजवळ नेली. डावा हात सवयीने खिशाकडे गेला आणि वाटेत थांबला. खिडकीबाहेरून ट्राम गेली, काचा हलल्या, तिची गुणगुण साठाची, इथली.

त्याने तार खाली ठेवली. मीटर काढला नाही. खुर्ची पुढे ओढली आणि तोंड मिटून, कुणी ऐकत नाही हे पाहून, खालचा एक सूर लावून पाहिला.